मामाच्या वहीतली सनई

मामाची वही शंभर पानी, दोन रेघी. पहिल्या पानावर लाल शाईनं 'श्री', आणि त्याखाली आवाजांची यादी सुरू. 'ए-११ : पेटी, भजनाची. ए-१२ : पेटी, नाटकाची. ए-१३ : चर्च. ए-१४ : पावा, लांबचा.' पुढं 'एसटीचा हॉर्न', 'भुताचा', 'शिट्टी, हिरोची', 'ढोलकीची घुम', 'पाऊस, पत्र्यावरचा'. 'ए-३४ : सनई' या नोंदीखाली मात्र दोन रेघा मारलेल्या. बी-८८ पर्यंत सगळी मिळून १२८ नावं. एकाही नावापुढं तो आवाज कसा करायचा, याचा एक अक्षरही मजकूर नाही. घरातल्या बायकांच्या पाककृतींच्या वह्यांसारखीच ही वही. 'शंकरपाळी, मोठ्या काकूंची' असं लिहिलेलं असतं. मोहन किती घालायचं ते मोठ्या काकूंबरोबर गेलेलं.

आवाज साठवले होते ते यंत्रात. रोलँड कंपनीचा जुनो-१०६ हा सिंथेसायझर, १९८४ साली बाजारात आलेला. लांबट काळी पेटी, पाच सप्तकं, वजन दहा किलोच्या आसपास. मामाकडं तो आला १९८६ साली, जहाजावर नोकरी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून, तोही वापरलेला. शंभर व्होल्टवर चालणारा जपानी माल, त्यामुळं सोबत जेवणाच्या डब्याएवढा ट्रान्सफॉर्मर. मामीच्या दोन पाटल्या त्यात गेल्या. हे मामी कधी बोलून दाखवत नसे. पण पाटल्या घातलेली दुसरी बाई दिसली की मामाच दुसरीकडं बघायचा.

मामा मूळचा गिरणीतला. संध्याकाळी चाळीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो मिटलाच नाही म्हणायचा, आणि हजारो घरांप्रमाणं आमच्या मामाच्या घराचाही महिन्याचा पगार थांबला. पेटीवर भजनात नारळ आणि टोपी मिळते, पोट भरत नाही. त्या काळात गणपतीत, पूजेला, क्रिकेट मंडळाच्या मदतीसाठी, कशालाही ऑर्केस्ट्रा ठेवायची पद्धत होती. ऑर्केस्ट्रावाल्यांना असा माणूस हवा असायचा की जो एकट्यानं व्हायोलिनचा ताफा, बासरी, सनई आणि सापाची बीन वाजवेल. त्यांना चार माणसांचे पैसे वाचवायचे होते. मामा तो माणूस झाला.

आता सिंथेसायझर म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं. कारण लग्नाच्या हॉलमध्ये दिसणारा, बटण दाबलं की तयार तबला आणि तयार गिटार देणारा कीबोर्ड वेगळा, आणि हे प्रकरण वेगळं. जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रात कुठल्याही वाद्याचा आवाज भरून ठेवलेला नसतो. पेटीत सूर पितळेच्या पत्तीतून निघतो. इथं पत्तीच्या जागी विजेची एक लाट असते. ती कागदावर काढली तर करवतीच्या दातांसारखी दिसते, आणि ऐकायला चक्क भुणभुण्यासारखी लागते. कर्कश, भरगच्च, जरा मूर्खासारखी. पण तिच्या पोटात मूळ सुराच्या वरचे सगळे स्वरांश असतात. तानपुरा कान देऊन ऐकला की षड्जाच्या आत गंधार ऐकू येतो ना, त्यातलीच ही गोष्ट. सगळं तिथं असतंच. नको ते काढायचं.

ते काढण्याचं काम फिल्टर करतो. शेजारच्या खोलीत रेडिओ लागलेला आहे आणि कुणीतरी मधलं दार हळूहळू लोटतंय, असं समजा. आधी झांजांची किणकिण जाते, मग शब्द पुसट होतात, शेवटी नुसता ढोलकीचा धुमधुमाट उरतो. फिल्टरचा स्लायडर म्हणजे ते दार. त्याच्याशेजारी रेझोनन्सचा दुसरा स्लायडर. तो वर नेला की दार ज्या जागी अडलंय, तिथलाच स्वरांश फुगून पुढं येतो. रेझोनन्स बराचसा वर ठेवून दार सावकाश उघडत न्या, करवतीच्या त्या भुणभुण्यातून एकेक स्वरांश सुटा होऊन वर येताना ऐकू येतो. तानपुऱ्याची जवारी लावताना दोऱ्याची जागा सरकवली की असंच काहीसं होतं. मामानं मला हे पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो, आणि मला वाटलं यंत्रात कुणीतरी बसलंय.

रेझोनन्स अगदी वरपर्यंत नेला तर फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो. मग मूळ लाट बंद करून टाकायची, त्या शिळेला झटकन वरून खाली घसरू द्यायचं, आणि पट्टी खालची वाजवायची. 'घुम्'. झाली ढोलकी. शाई नाही, वादी नाही. ही युक्ती मामानं कुणाकडून शिकली असेल असं मला वाटत नाही. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक जपानी भाषेत होतं.

तिसरा भाग काळाचा. सूर उमटायला किती वेळ, उमटल्यावर ओसरायला किती, बोट दाबून ठेवलं तर कुठवर टिकायचा, आणि बोट उचलल्यावर विरायला किती. असे चार स्लायडर ओळीनं. तबल्याची थाप एकदम येते आणि जाते. सारंगीचा सूर गजाखाली फुगत येतो. देवळातली घंटा वाजवणारा निघून गेला तरी घंटा बोलत राहते. करवतीची तीच एक लाट या चार स्लायडरांच्या वर-खालीनं संतूर होते, व्हायोलिन होते, घंटा होते. त्यावर एक सावकाश हलणारी लाट सुराला कंप द्यायला. तिला उशिरानं सुरू व्हायला सांगता येतं, म्हणजे गवई ओळीच्या शेवटी सूर लांबवून मग हलवतो, तसा.

एवढं सगळं करून सापडलेला आवाज ठेवायचा कुठं? १९७० साली आलेल्या मिनिमूग या अमेरिकन यंत्रात ती सोयच नव्हती. वादक कागदावर बटणांची चित्रं काढून त्यावर काटे कुठं होते ते खुणेनं मांडून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी तसंच्या तसं लावूनही आवाज थोडा वेगळाच येई, कारण यंत्र तापलं की सूर सरकत. १९७८च्या प्रॉफेट-५ या यंत्रात छोटा संगणक आला आणि लावलेला आवाज जागच्या जागी साठवता येऊ लागला. मामाच्या जुनोत अशा १२८ जागा. गंमत अशी की साठवतो तो आवाज नव्हेच. सोळा स्लायडर कुठं होते त्याचे सोळा आकडे, प्रत्येक शून्य ते १२७ मधला, आणि बटणं चालू की बंद ते सांगणारे आणखी दोन. अठरा आकडे झाले की एक सनई.

साठवलेला आवाज बोलावला की स्लायडर आपोआप हलत नाहीत. ते आधी होते तिथंच. एखाद्याला हात लावला की मात्र आवाज टुणकन त्या जागी उडी मारतो आणि खिडकीतल्या आकड्याशेजारी एक लाल ठिपका लागतो. म्हणजे तुम्ही मूळ आवाजात ढवळाढवळ केली आहे, पण अजून लिहून ठेवलेली नाही. मामा त्याला टिकली म्हणायचा. 'टिकली लागली की दुसरं बटण दाबायचं नाही हं भाचे, आधी लिहायचं. नाहीतर गेला.' मागच्या बाजूला मेमरीचं कुलूप असतं, ते आधी काढायचं. कितीतरी आवाज टिकली लागलेल्या अवस्थेत गेले असतील, ते कुठल्या वहीत नाहीत.

आपल्याकडं या यंत्रांची गोष्ट वाटते त्याहून जुनी आहे. १९५४च्या 'नागिन'मधली ती बीन खऱ्या बिनेची नव्हती, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती आणि जोडीला हार्मोनियमवर रवी होते. हे दोघेही पुढं स्वतः नावाजलेले संगीतकार झाले. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवून दिला. गीता साराभाई आणि इतर काही जणांनी त्यावर प्रयोग केले. त्या फिती वर्षानुवर्षं संग्रहात पडून होत्या. २०२३ साली त्यांतल्या निवडक प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या सिनेसंगीतात केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मिनिमूग आणला. आणि चरणजित सिंग या मुंबईच्या वादकानं १९८२ साली तीन जपानी यंत्रं जोडून दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यावरची एक तबकडी केली. तेव्हा ती कुणी फारशी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे लोक थक्क झाले, कारण पुढं शिकागोच्या नाचघरांतून आलेल्या संगीताशी तिचं विलक्षण साम्य होतं. सिंग २०१५ साली गेले. कौतुक त्यांच्या वाट्याला आलं, पण उशिरा आलं. मामाला यांतलं 'नागिन' सोडून काही माहीत नव्हतं. बीन मात्र बी-११ वर होती आणि ती वाजली की मंडपात दोन-चार जण हमखास जमिनीवर लोळायचे.

नव्वदीच्या दशकात तयार आवाजांचे डिजिटल कीबोर्ड सगळीकडं झाले. ऑर्केस्ट्राच्या मालकानं तसला एक आणला. त्यात सनई होती, खऱ्या सनईचा नमुना भरलेली. मामानं दोन सूर वाजवून पाहिले आणि म्हणाला, 'आहे बरी. पण ही सनई मेली त्या दिवशी रेकॉर्ड केलेली दिसते.' तरी कामाला तोच कीबोर्ड लागू लागला आणि जुनो घरी राहिला. मामा २००३ साली गेला. मामी मुलीकडं डोंबिवलीला राहायला गेली, आणि जुनो माझ्याकडं आला, 'तू विजेतलं जाणतोस, नीट ठेव' या शब्दांसह. मी लिफ्टची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करतो.

मी तो चादरीत गुंडाळून पोटमाळ्यावर ठेवला. अठरा वर्षं.

२०२१च्या पावसाळ्यानंतर खाली काढला. यंत्र लागलं, दिवे लागले, पण ए-३४ दाबल्यावर आली ती कसलीतरी खरखर. सगळ्या १२८ जागांत असंच काहीबाही. उघडून पाहिलं तर आतल्या सर्किटवर रुपयाएवढा एक सेल असतो, यंत्र बंद असताना ते आकडे जिवंत ठेवणारा. तो संपला होता. रोज लिफ्टच्या पॅनेलमधले असले सेल बदलणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं. वर्षातून एकदा यंत्र खाली काढून सेल मोजला असता तरी पुरलं असतं.

दुसरी प्रतही होती. जुनोत साठवलेले आकडे साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेता येत. ऐकायला नुसती किंचाळी. पुन्हा तीच किंचाळी यंत्राला ऐकवली की सगळे आवाज परत जागच्या जागी. मामानं तशी कॅसेट केलेली मला आठवत होती. वहीच्या मागच्या कप्प्यात ती सापडली, त्याच्या अक्षरात 'ऐकू नये'. ऐकली. आशिकी चित्रपटाची गाणी. आमच्याकडच्या टेपवर, १९९० सालच्या कधीतरी, कोरी समजून मी भरलेली. मध्ये रेकॉर्डिंग थांबवून मी कुणाला तरी हाक मारतो, तीही त्यात आहे. शेवटची अर्धा मिनिट किंचाळी तेवढी शिल्लक.

दोन्ही प्रती माझ्याच हातून गेल्या. हे मी मामीला काही महिने सांगितलं नाही.

सेल बदलणं अवघड नव्हतं. जुना डाखलेला काढला आणि खाचेत बसणारा लावला, म्हणजे पुढच्याला डाखणी लागू नये. कारखान्यातून येणारे मूळ आवाज कॉम्प्युटरवरून, त्याच किंचाळीच्या रूपात, आत घालता आले. स्लायडर स्वच्छ केले. पंधरा ठीक होते; फिल्टरच्या दाराचा तेवढा सैल, नुसता लडबडणारा, आणि त्याच्या टोपीवरची पांढरी रेघ पार झिजून गेलेली. सदोष म्हणून त्याच्या जागी नवा मागवला.

मग सनई. माझ्याकडं आधार एकच होता : १९८८च्या गणपतीतल्या एका कार्यक्रमाची कॅसेट. त्यात निवेदक बोलायला लागण्याआधी मामा साधारण चाळीस सेकंद एकटा सनई वाजवतो. तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी त्या चाळीस सेकंदांना बसायचो.

करवतीच्या लाटेनं जमेना. ती व्हायोलिनकडं जाते. जुनोत दुसरी एक लाट आहे, उभ्या खांबांसारखी. खांब रुंद असले तर आवाज पोकळ, बासरीच्या अंगानं जाणारा. ते बारीक करत नेले की नाकातून येऊ लागतो. तिथं सनई होती. खालचा जडपणा काढायला दुसरा फिल्टर मधल्या घरात. रेझोनन्स किंचित. सूर एकदम न उमटता केसभर उशिरानं. कंप उशिरा आणि थोडाच. शेवटी कोरसचं पहिलं बटण. त्यानं एक सूर जरासा हलून दोन झाल्यासारखा वाटतो. सनईबरोबर सूर धरणारा दुसरा वादक असतो, तो आला. एका रात्री डोळे मिटून ऐकलं तर हीच ती.

आणि वाजवली, तर नव्हती. एकेक सूर घेतला तर तंतोतंत, पण ओळ मेलेली. कारण समजत होतं. या यंत्राच्या पट्ट्यांना बोटाचा जोर कळत नाही. हलकी दाबा की आपटा, आवाज तेवढाच. कॅसेटमध्ये मात्र मामाचा सूर फुगत होता, उघडत होता, आवळत होता, आणि प्रत्येक वेळी वेगळा. त्या सावकाश लाटेनं फिल्टर हलवून पाहिला, अँब्युलन्स झाली. चार स्लायडरांकडून फुगवटा काढला. प्रत्येक सूर सारखाच फुगू लागला, कवायतीतल्या छात्यांसारखा. मामानं काय केलं असेल, कुठले दोन आकडे मला सापडत नाहीत, या विचारानं मला झोप लागेना. लिफ्टमध्ये चूक असली की ती कुठंतरी असतेच, शोधली की सापडते. इथं सगळं बरोबर होतं.

दिवाळीत मामी आली. आता तिचं अठ्ठ्याहत्तरावं. तिला आधी सगळं सांगून टाकलं, सेलचं आणि आशिकीचंही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'त्या कॅसेटचं त्यांना कळलं होतं. तुला ओरडायचं नाही म्हणून ठरवलं, नवीन घेऊ म्हणाले. मग राहिलं.'

मी सनई वाजवून दाखवली. मामी ऐकत होती, पण बघत होती माझ्या मांडीकडं.

'डावा हात तिथं काय करतोय तुझा?'

'त्याला काम नाही यात, मामी. एकाच हाताचं आहे.'

'असं कसं? ते भाता मारायचे की.'

'भाता पेटीला असतो. याला कुठला भाता?'

ती उठली, चष्मा सारखा केला आणि सोळा स्लायडरांच्या ओळीवरून बोट फिरवत त्या एका झिजक्या टोपीवर थांबली. 'हा. सारखा वर-खाली, वर-खाली. मी म्हणायची, अहो मोडेल ते, पाटल्या आहेत त्या माझ्या. तर म्हणायचे, श्वास नको का घ्यायला तिला.'

मी उजव्या हातानं तीच ओळ धरली आणि डावा हात पट्ट्यांवरून पलीकडं नेऊन फिल्टरच्या दारावर ठेवला. पेटीवाल्याचा हात नाही माझा. पहिल्यांदा सगळं फसलं, सूर गुदमरत होता नाहीतर ओरडत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी एका ठिकाणी, वरच्या सुरावर जाताना, दार उघडलं आणि सूर पुढं आला. मामी म्हणाली, 'हं. पण घाई नको. ते आधी थोडं दाबून धरायचे.'

ती चार दिवस राहिली. रोज दुपारी चहानंतर शिकवणी. तिला स्वर, राग काही कळत नाहीत. कुठं हात वर जायचा आणि कुठं खाली, एवढं मात्र पाठ आहे. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला ती, असं करत चाळीसपैकी पंचवीस-तीस सेकंद जमली आहेत. निवेदक बोलायला लागायच्या आधीची ती शेवटची घसरण अजून यायची आहे.

नवा मागवलेला स्लायडर पुडीतच आहे. सैल होता तोच परत बसवला. नवा फार घट्ट सरकतो. ए-३४ वर अठरा आकडे लिहिले, टिकली गेली, कुलूप लावलं. आणि वहीत मामाच्या दोन रेघांखाली पेन्सिलीनं लिहून ठेवलं : 'भाता डाव्या हातानं.'